एको वाढवा

बहारीनमधल्या आमच्या मंडळाचं आवाजाबद्दल एकच मत आहे: एको हवा. माइकवर बोललेला शब्द घुमून परत आला नाही, तर अध्यक्षांना आपण भाषण केलं असं वाटतच नाही. गणपतीत एको, हळदीकुंकवात एको, 'पांढरी गाडी कुणाची आहे, कृपया हलवावी' यालासुद्धा एको. कित्येक वर्षं मी ते ऐकत आले आणि मागच्या बाजूला वडे तळत आले.

मग बँकेतली नोकरी सोडली आणि इथल्या युनिव्हर्सिटीत म्युझिक टेक्नॉलॉजी आणि डिजिटल आर्ट्सच्या पदवीला नाव घातलं. पन्नाशीला आले होते. वर्गातली मुलं माझ्या मुलीपेक्षा लहान. सुरुवातीला मी कुणाची तरी आई आहे असं समजून ती मला बसायला खुर्ची द्यायची. नंतर माझ्या शेजारी बसून असाइनमेंट उतरवायला लागली, तेव्हा मी वर्गात रुळले.

लाइव्ह साउंड या विषयाची परीक्षा हॉलमध्ये होते. खराखुरा कार्यक्रम निवडायचा, माइक आपण मांडायचे आणि कन्सोल, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जुळवायचं यंत्र, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने चालवायचं. शिकवणाऱ्या बाई प्रेक्षकांत बसून ऐकणार. दुसऱ्या कुणाचा हात कन्सोलला लागला, तर नापास. मी मंडळाचा दिवाळीचा गाण्याचा कार्यक्रम निवडला आणि अध्यक्षांना हा नियम नीट समजावून सांगितला.

"अहो वहिनी, घरचंच कार्य आहे," ते म्हणाले.

हॉल जुफैरमधला. खाली फरशी, एका बाजूला भिंतभर काच. टाळी वाजवली तरी घुमते. त्यात एसीची घरघर. गाणारी बाई सलमानिया हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आवाज खालचा पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. ते अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं एवढंच माझं काम होतं, आणि सगळी दुपार घालवून मी ते जमवलं होतं. तंबोऱ्याचा आवाज जरा मागे ठेवला, तबल्याचा माइक हलवून हलवून जागेवर आणला. एको शून्य. हॉलचा स्वतःचाच भरपूर होता.

कार्यक्रमाआधी अध्यक्ष माइक तपासायला आले. "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि थांबून वाट पाहिली. काही परत आलं नाही.

"वहिनी, आवाज कोरडा वाटतोय."

"कोरडाच हवाय. शब्द कळतील."

"एको शिकवत नाहीत का तुमच्याकडे?" खजिनदार म्हणाले आणि हसले. त्यांच्यासोबत त्यांचा मेहुणा होता. हा वाढदिवसांना गाणी लावतो. "हा बसेल यंत्रावर. तुम्ही आपल्या वड्यांकडे बघा, तिकडे बायका खोळंबल्यात."

मी नियम पुन्हा सांगितला. शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, हेही दाखवलं. त्यावर माझ्याशी बोलणं बंद झालं. अध्यक्ष गेले ते थेट माझ्या नवऱ्याकडे. आमच्याकडे बाईशी मतभेद झाला की तो तिच्या नवऱ्याला कळवतात, बिल्डिंगमधली गळती वॉचमनला कळवावी तसा.

नवरा आला. "अगं, बसू दे ना त्याला थोडा वेळ. मग तू बस."

"नियम काय आहे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पण आपल्याला याच लोकांत राहायचंय."

"मग तू जा, वडे तळ."

तो गेला, पण वडे तळायला नाही. मेहुणा मात्र माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. पहिलं गाणं सुरू झालं. शब्द मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ पोचत होते, मला दिसत होतं, लोक मान डोलावत होते. दुसऱ्या कडव्यावर माझ्या खांद्यावरून हात आला आणि त्याने एकोचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं. सगळ्या शब्दांचा लगदा झाला. आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. "आता कसं," पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मी त्याचा हात ढकलला आणि बटण खाली आणलं. पण बाईंनी पाहिलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "तुमचं काम चांगलं होतं. पण दुसऱ्याचा हात लागला. खलास. पुढच्या सत्रात पुन्हा." त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. नियम सगळ्यांना तोच होता.

तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं. ध्वनिव्यवस्थेसाठी मेहुण्याचे आभार मानले. रुचकर वड्यांसाठी माझे. त्या दिवशी मी एकही वडा तळला नव्हता.

माहूजला घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "एवढं काय झालं?" पुढे बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

परीक्षा पुन्हा दिली, युनिव्हर्सिटीच्या छोट्या हॉलमध्ये. डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "येते की. त्या दिवशी मी काय गायले ते माझं मलाच कळलं नाही." नवऱ्याने सामान उचललं आणि तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला. मी पास झाले.

गुढीपाडव्याच्या आधी अध्यक्षांचा फोन आला. नवऱ्याला. त्याने फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"जरा वहिनींना विचार, युनिव्हर्सिटीचं सामान मिळेल का. चालवायला आपला मेहुणा आहेच."

"वहिनीच बोलतायत," मी म्हटलं. "सामान मिळणार नाही. आणि वड्यांच्या ड्यूटीतून माझं नाव काढा."

सामानाचा विषय ते तिथेच विसरले. "अहो, मग वडे कोण तळणार?"

"मेहुणा आहेच की," मी म्हटलं आणि फोन बंद केला.