संबळामागचा झीलकरी

घोडेगावात कानिफनाथचं झेरॉक्सचं दुकान आहे. माझा शाळेपासूनचा मित्र. महिनाभर तो एकच विचारत होता, कुठलं डिस्ट्रिब्यूशन घेऊ? मला आधी रेशनचं वाटप वाटलं. मग कळलं, लिनक्स नावाची संगणकाची फुकट प्रणाली असते. तिचे शेकडो प्रकार, आणि त्या प्रत्येकाला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. संगीत रेकॉर्ड करायला त्यातलं कुठलं चांगलं, यावर इंटरनेटवर माणसं भांडतात. मी मराठीत एम.ए. मला काही सांगता येईना.

घाई त्याच्या बजरंगमामांमुळे होती. मामा गोंधळी, संबळ वाजवतात. सोमवारी त्यांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन होतं. पुढे हात तसाच चालेल, असं डॉक्टर सांगेनात. त्याआधी कानिफनाथला मामांचा संबळ रेकॉर्ड करून ठेवायचा होता.

शनिवारी मामा दुकानात आले. लॅपटॉपला लावून बघायला तीन पेनड्राइव्हवर तीन लिनक्स तयार होते.

"म्हैनाभर ह्येच निवडत हुतास? बायको बघायला बी येवढा येळ लागला न्हाई तुला."

पहिल्यात आवाजच येईना. दुसऱ्यात आला. मामांनी हेडफोन चढवून सुरुवात केली आणि लय पडत गेली. मग ते थांबलेच.

"माझ्या मागं कोन वाजवतंय?"

लॅपटॉप तुमचाच आवाज जरा उशिरा ऐकवतोय, असं कानिफनाथने समजावलं. मामांनी ते आपल्या पद्धतीने घेतलं. गोंधळात गाणाऱ्याची ओळ मागून उचलतो तो झीलकरी. त्याला सोडून पुढे पळायचं नसतं, म्हणून मी थांबत होतो, म्हणाले.

तिसऱ्यात उशीर नव्हता. मामा सरळ, वेगात वाजवत गेले. प्रश्न सुटला असं मलाही वाटलं. मामांनी हेडफोन काढला.

"ह्यो चांगला हाय. पन मगाचा लाव."

"मामा, त्यात लय पडती. अन् त्यो मागचा आवाज रेकॉर्डिंगमधी येनारच न्हाई."

"नगं येऊ दे. मला येतोय न्हवं."

त्यांचा झीलकरी म्हणजे चुलतभाऊ. सहा वर्षांपूर्वी तो नगरला एमआयडीसीत लागला. तेव्हापासून मामा गोंधळाला एकटेच उभे राहतात.

कानिफनाथने तिसरा पेनड्राइव्ह काढला आणि पुन्हा दुसरा लावला.

अकरा मिनिटं रेकॉर्ड झाली. मामा जिथे जिथे थांबले, तिथे रेकॉर्डिंगमध्ये नुसती मोकळी जागा आहे. ऑपरेशन झालं, त्यांचा हात अजून पट्टीत आहे. कानिफनाथने लॅपटॉपवर ते उशिरा ऐकवणारंच लिनक्स कायमचं घातलं. बरोबर केलं का, असं मला विचारतो. मला अजून कळलेलं नाही.