हलगीवरचा हात

वस्ती पाडायच्या विरोधातला आमचा मोर्चा कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी अडला, तेव्हा मी रेखाच्या हाताकडे पाहत होतो. तिच्या हलगीवरच आमच्या घोषणा चालत होत्या. समोर पोलिसांनी काठ्या सरळ केल्या. पहिल्या रांगेत कडेवर मुलं घेतलेल्या बायका होत्या, आणि मागून तरुण पोरं रेटत होती.

"रेखाताई, वाढवा की. हात दुखला का?" मागून कुणीतरी खिजवलं.

"तू घसा सांभाळ. हाताचं मी बघते."

आणि तिने लय उतरवायला सुरुवात केली. एकदम थांबली असती तर गर्दी उसळली असती. म्हणून दोन ठोक्यांमधलं अंतर ती हळूहळू वाढवत गेली. घोषणा लांबल्या, मागचा रेटा सैल झाला.

मला राग आला. पत्रकं वाचत मोठ्या झालेल्या मला वाटायचं, जो माणसांना पेटवतो तोच खरा वाजवणारा. पण पेटवायला नुसता जोर पुरतो. एवढ्या छात्या धडधडत असताना आपला हात त्यांच्या हवाली न करणं फार थोड्यांना जमतं. पुढाऱ्यांना जमत नाही. आम्हा लिहिणाऱ्यांनाही नाही. टाळ्या पडल्या की आमचं पुढचं वाक्य आणखी चढतं.

पुढची एक बाई मुलाला मांडीवर घेऊन रस्त्यावरच बसली. मग तिच्या शेजारची बसली. बघता बघता सगळा मोर्चा फाटकासमोर बसला.

"आता हलवून दाखवा म्हणावं," रेखा म्हणाली, आणि त्याच संथ लयीत वाजवत राहिली.