सज्ज्यातल्या मावशी

"घर काय आपोआप उभं राहतं का?" हे मावशींचं पालुपद. दूध उतू गेलं तरी हेच, जावई रुसला तरी हेच.

डोंगरमाथ्यावरच्या त्या गावात जुन्या साहेब लोकांनी बांधलेले बंगले होते आणि ते कागदावर उतरवायला दूरदूरचे चित्रकार यायचे. मावशी ज्या बंगल्याची राखण करायच्या, त्याच्या हिरव्या सज्ज्यावर तर सगळ्यांचाच डोळा. दरवर्षी गावच्या सभागृहात चित्रं लागत. त्यांत सज्जा असे, कुंड्या असत, कठड्यावर लोळणारं मांजरसुद्धा असे. मावशी नसत. चित्र सुरू झालं की खालून हाक यायचीच, "मावशी, जरा बाजूला व्हा!"

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. प्रदर्शन पाहून आल्यावर बायको रात्रभर बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. यंदा तर मालक बंगला विकायला निघाले होते. आता नाही तर कधीच नाही.

म्हणून त्या सकाळी मावशी ठेवणीतले कपडे घालून सज्ज्यात उभ्या राहिल्या. खाली टोपीवाल्या चित्रकार बाईंनी कुंचला उचलला.

"मावशी, जरा बाजूला..."

"होते की!" म्हणत मावशींनी पहिली कुंडी काखेत मारली.

"अहो, कुंडी कुठे नेता?"

"माझी आहे. माझ्यामागे तिला पाणी कोण घालणार?"

मग पडदे उतरले. वाळत घातलेली लाल चादर गेली. मांजर आपणहून मागे गेलं. जिन्यात यजमान पोट धरून हसत होते.

"हसताय काय? धरा ही कुंडी!"

सज्जा मिशी उतरवलेल्या माणसासारखा ओकाबोका दिसू लागला. बाईंनी कुंचला खाली ठेवला.

"हरले, मावशी. आणा सगळं परत. तुम्हीही या."

"आधी मी येते. सामान मागाहून."

पण जन्मात स्वस्थ न उभी राहिलेली बाई ती! "हलू नका" म्हणताच कमरेचं फडकं निघालं आणि हात कठडा पुसायला गेला.

"मावशी!"

"अगं, धूळ येईल ना चित्रात!"

प्रदर्शनाच्या दिवशी यजमान सगळ्यांच्या आधी चित्रापुढे जाऊन उभे राहिले. चित्रात सज्जा होता आणि कठड्यावर वाकलेली एक बाई, हातात फडकं. चेहरा पदराआड.

"तोंड नाही दिसत गं," ते हळूच म्हणाले.

मावशी चित्राच्या अगदी जवळ गेल्या. शेजारी टोपीवाल्या बाई उभ्या होत्या.

"तोंडाचं काय घेऊन बसलात? फडकं कसं पिळून धरलंय बघा. मीच आहे ती."

एवढं बोलून त्या कुणाची वाट न पाहता निघाल्यासुद्धा. उतारावर जो भेटेल त्याला थांबवायच्या, हात वर करून सभागृह दाखवायच्या आणि पुढे जायच्या. सभागृहाच्या पायरीवरून यजमान आणि टोपीवाल्या बाई बघत राहिले, त्या वळणाआड जाईपर्यंत.