वरच्या खान्यातली नावं

तोतारामभाऊ बोरसे यांनी पारोळ्याच्या एका छापखान्यात उभा जन्म लग्नपत्रिकांचे खिळे जुळवले. आमच्या खान्देशातली पत्रिका म्हणजे काय प्रकरण असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. नवरा-नवरी बिचारे मधे अंग चोरून उभे असतात आणि उरलेला सगळा कागद भाऊबंदांचा. काका, चुलतकाका, मामा, मेहुणे, आजी सरपंच, माजी सरपंच, आणि ज्याला कुठेच बसवता येत नाही तो 'व्यवस्थापक'. एखाद्याचं नाव राहिलं तर तो लग्नाला येतो खरा, पण वरण वाढायच्या आत ताटावरून उठून जातो आणि पुढची दहा वर्षं ते बोलून दाखवतो. तोतारामभाऊंच्या हातून असं नाव कधी राहिलं नाही. माणूस जेवाले येत नही, नाव वाचाले येस, असं ते म्हणायचे, आणि त्यांचं खोटं नव्हतं.

हात थकले तसे ते जळगावला, पिंप्राळ्यात मुलाकडे राहायला आले. मुलाच्या घरात म्हाताऱ्याला काम काय, तर सकाळी दूध आणि संध्याकाळी भाजी. त्या रिकामपणाला ते इतके कंटाळले की शेजारच्या यशोदाबाईंनी हाक मारली तेव्हा त्यांनी काम काय ते विचारलंसुद्धा नाही. यशोदाबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. स्वतःच्या पुढच्या खोलीत त्या पुनर्विवाह मंडळ चालवायच्या. विधवा, विधुर, सोडचिठ्ठी झालेले, टाकलेल्या बाया, अशांची लग्नं जुळवायचं काम. बाईंना त्यातून काही मिळत नव्हतं. नावं ठेवणारे मात्र भरपूर मिळाले होते.

मंडळाचा कारभार ईमेलवर चाले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात सगळ्यांचे नंबर उघडे पडतात, आणि कुठल्या गावची विधवा लग्नाला उभी राहिली ही बातमी तासाभरात तिच्या सासरच्या ओट्यावर पोचते. म्हणून मेल. ही सगळी व्यवस्था मेघा नावाच्या मुलीने लावून दिली होती. जळगावचा एक गट, धुळ्याचा एक गट. नवीन स्थळ आलं की गटाला एकदम मेल जायचा. माणसं तिने नुसत्या अक्षर-आकड्यांनी नोंदवली होती. लग्न होऊन ती नाशिकला निघाली तेव्हा तिने तोतारामभाऊंना शेजारी बसवून सगळं शिकवलं. गटाचं नाव नेहमी खालच्या, बीसीसीच्या खान्यात टाकायचं, वरच्या खान्यात नाही, हे तिने पुन्हा पुन्हा बजावलं. खालच्या खान्यातली नावं कोणाला दिसत नाहीत, असंही सांगितलं. भाऊंनी मान डोलावली. पण ते आकडे त्यांच्या डोळ्यांत खुपत राहिले.

"माणूसले नाव राहस पोरी," ते मेघाला म्हणाले, "नंबर नही."

ती गेल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर फायली काढून एकेका पत्त्यापुढे पूर्ण नाव चढवलं. नुसतं नाव नाही, रीतसर. श्री., श्रीमती, वडिलांचं नाव, गाव. आणि नवरा वारलेला असेल तर त्याचं नाव 'कै.' लावून. बरेच दिवस ते हेच करत बसले होते. यशोदाबाईंना वाटलं, म्हातारा मन लावून काम करतोय. मन लावूनच करत होता, तेच तर दुःख आहे.

त्याच सुमारास फैजपूरची पुनम आली. वय तिशीच्या आतबाहेर, नवरा अपघातात गेलेला, पदरी गार्गी नावाची सहा वर्षांची मुलगी. बालवाडीत शिकवायची. प्रशिक्षणाचं निमित्त सांगून ती जळगावला आली होती आणि बोलताना सारखी दाराकडे बघत होती. सासू-सासरे तसे वाईट नव्हते. छळ नव्हता, उपासमार नव्हती. पण त्यांचा एकुलता मुलगा गेला होता आणि त्याची निशाणी म्हणजे गार्गी. सून घराबाहेर पाऊल टाकणार असं कळलं तर ते पोरीला आधी घट्ट धरतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवीन माणूस गार्गीसकट आपल्याला नेईल असा मिळाला, सगळं ठरलं, की मगच घरी सांगायचं, असा तिचा बेत होता. मेलचा पत्तासुद्धा तिने नवा, बिननावाचा काढला होता.

"ठरेपर्यंत कुणाला कळायला नको," ती म्हणाली. "कळलं तर गार्गी मला मिळणार नाही."

तोतारामभाऊ समोरच बसले होते. त्यांना गलबलून आलं. तिला बसस्टँडपर्यंत रिक्षा त्यांनीच करून दिली, आणि घरी सुनेने विचारलं तरी त्या बाईबद्दल चकार शब्द काढला नाही. पोटात ठेवणारा माणूस होता तो. रात्री मात्र त्यांनी नेमाने तिचं नाव नोंदवलं होतं: श्रीमती पुनम कै. हेमंत चौधरी, फैजपूर.

मग धुळ्याहून चुडामणनानांचा फोन आला. नाना आपल्या विधुर मुलासाठी स्थळ शोधत होते आणि भारी मानी गृहस्थ. त्यांची तक्रार अशी, की मंडळाचा मेल येतो त्यावर आमचं नावच नसतं. कोणाला पाठवलाय, आम्हाला की हवेला? आम्ही काय मंडपाबाहेर उभे आहोत का? दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. पण तोतारामभाऊंना ते वर्मी लागलं. जन्मात ज्यांच्या हातून नाव राहिलं नाही, त्यांच्यावर नाव राहिल्याचा ठपका आला होता. आपलीच माणसं, एकाच मंडळातली, एकाच दुःखातली. त्यांनी एकमेकांपासून तोंड का लपवावं, असा त्यांनी विचार केला. पुनमचं बोलणं त्यांना आठवत होतं. पण कुणाला कळायला नको म्हणजे सासरी कळायला नको. मंडळ म्हणजे काही सासर नव्हे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे पत्रिका जुळवणाऱ्याला कोण शिकवणार? त्याचा जन्म मुठी उघडण्यात गेलेला.

पुढचा मेल गेला तो सगळी नावं वरच्या खान्यात घेऊन. वयाप्रमाणे, मानाप्रमाणे, जिल्ह्याप्रमाणे लावलेली. पाठवण्याआधी त्यांनी ती यादी मोठ्याने वाचून पाहिली आणि कित्येक दिवसांनी त्यांना काम केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी चुडामणनानांचं उत्तर आलं, तेही एकट्याला नाही, सगळ्यांना. नावं पाहून समाधान वाटलं, असं लिहिलं होतं. फैजपूरच्या चौधरींशी आपली केळीच्या व्यापारातली जुनी ओळख आहे, सुनेचा संसार पुन्हा मांडायला निघालेल्या माणसाचं कौतुक करायला त्यांना आत्ताच फोन लावतो, असंही होतं. नाना खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी फोन लावला होता. सासऱ्यांनीच सुनेचं नाव घातलं असेल, असं त्यांनी सरळ मनाने धरलं आणि त्यांना मोठ्या मनाचा माणूस म्हणून चार शब्द ऐकवले.

सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला. घरात आरडाओरड झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुनमला सांगितलं की भावाकडे पारोळ्याला चार दिवस जाऊन ये, गार्गीची शाळा बुडायला नको, ती राहील इथे. पुनम काय ते समजली. ती मुलीला घेऊन निघायला लागली तेव्हा सासू दारात आडवी बसली आणि पोरीला कवटाळून इतकी रडली की गल्ली गोळा झाली. गल्लीने न्याय केला तो असा: लग्न करायचं तर बाईने खुशाल करावं, पोर कशाला नेते?

इकडे नानांचं उत्तर वाचताच तोतारामभाऊंनी पाठवलेल्या मेलांतून तो मेल पुसून टाकला. पुसला म्हणजे परत आला, अशी त्यांची समजूत. थोडा वेळ त्यांना हायसंही वाटलं. तो सगळ्यांकडे जसाच्या तसा आहे, हे यशोदाबाईंनी सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. बाई त्यांना रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ती पत्रिका नव्हती."

पुनम एकटीच भावाकडे गेली. गार्गीच्या ताब्यासाठी तिने गाठलेल्या वकिलाने सांगितलं की कायदा आईच्या बाजूचा आहे. कायदा बाजूचा होता, पण तारखा नव्हत्या. एक पडली, दुसरी पडली. बालवाडीची नोकरी सुटली, पुनम भावाच्या घरी वहिनीचं तोंड बघत राहू लागली. मंडळातलं एक स्थळ तिच्याबद्दल विचारत होतं. कोर्टाचं नाव ऐकून तेही गप्प झालं. तोतारामभाऊंनी तिला फोन केला, तर ती त्यांना टाकून बोलली नाही. एवढंच विचारलं, की काका, माझं नाव तुम्हाला एवढं मोठं कशाला करावंसं वाटलं. त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत, आणि सुनेला कारण सांगता आलं नाही.

शेवटी ते कोणाला न विचारता फैजपूरला गेले. हातापाया पडून पोर मागायची, असं ठरवून गेले होते. सासऱ्यांनी त्यांना ओळख विचारली आणि ओळख कळल्यावर ओसरीवर बसवलं. पाणी आलं, मागून चहा आला. भाऊंनी चहाला हात लावला नाही.

"चूक मनी शे," सगळा दोष स्वतःकडे घेत ते म्हणाले. "तिनी काहीच चूक नही. पोरीले तिनी मायकडे जाऊ द्या."

सासऱ्यांनी कप त्यांच्याकडे सरकवला. मग शांतपणे म्हणाले, "चूक कसली? तुम्ही नाव लिहिलं म्हणून कळलं. नाहीतर एक दिवस नात गेली असती आणि आम्ही दार बघत बसलो असतो. तुमचे उपकार आहेत, दादा."

एवढ्यात शाळेतून गार्गी आली. पाहुणा बघून उंबऱ्यातच थांबली. आजीने आतून सांगितलं, की हे तुझ्या मम्मीचं लग्न जमवणारे बाबा. आजीच्या बोलण्यात विष नव्हतं. जे तिला कळलं होतं तेच तिने सांगितलं. पोर जवळ आली. पाठीवर दप्तर तसंच होतं. आपल्याकडे मोठी माणसं मुलींबद्दल जे विचारतात, तेच तिने विचारलं.

"माझी मम्मी तुम्ही कुठं दिली?"

"कोठेच नही, बेटा," भाऊ म्हणाले. "कोनलेच नही दिन्ही."

गार्गीने थोडा विचार केला.

"मग परत आणून द्या," ती म्हणाली.