एक वायसर शिल्लक

परवा चिखलीत आमच्या पार्किंगमध्ये मी बाबांच्या जुन्या मोटारसायकलची सर्व्हिसिंग उरकली, आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर लाल फायबरचं एक वायसर शिल्लक राहिलं. ऑइलचा वास नाकात होताच. डोकंच सटकलं, कारण हे सगळं मी वीस वर्षांपूर्वी एकदा भोगलं होतं.

बाबा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट रिजेक्ट करायचे. त्या रविवारी ते आणि आई याच गाडीवरून महाबळेश्वरला निघणार होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघंच. आई डोक्याला रुमाल बांधून, धपाट्यांचा डबा घेऊन उभी होती. तेवढ्यात बाबांना नुकतीच सर्व्हिसिंग केलेल्या गाडीखाली असंच एक वायसर दिसलं.

"अहो, एवढंसं तर आहे," आई म्हणाली.

"रिजेक्ट व्हायला एवढंसंच पुरतं," म्हणत बाबांनी नुकतंच भरलेलं ऑइल परत काढलं आणि इंजिनाची कव्हरं उघडली. ऊन कलेपर्यंत शोधलं, पण गाडीत काहीच कमी सापडेना. शेवटी आई घरात गेली. स्वयंपाकघरातून तिचा शांत आवाज आला, "सकाळी तुम्ही दुरुस्त केलेला नळ गळतोय."

आईचं महाबळेश्वर राहिलं ते राहिलंच. त्यावरून मी बाबांशी कितीदा भांडलो असेन.

परवा माझी बायको हेल्मेट घालून तयार उभी होती. बाबांसारखं करायचं नाही, असं ठरवून मी आधी वर जाऊन घरातले सगळे नळ तपासले. एकही गळत नव्हता.

खाली आल्यावर माझं तोंड बघून तिनं हेल्मेट काढलं आणि पाना माझ्या हातात दिला.