नाही न म्हणणारी शेजारीण

शेजारच्या बाईसोबत मी रोज विड्या वळते. तिचे हात माझ्याहून चपळ, आणि तोंडही. पण दिवस कलला की ती सूप बाजूला सारते, तंबाखूचा वास जाईपर्यंत हात घासते आणि तोंडाला पावडर लावते. नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाइड असलेला तिचा नवरा यायची वेळ झालेली असते.

काल तिला ताप होता, अंग थरथरत होतं, तरी ती उठली.

"आज त्यांना जवळ येऊ नका म्हणावं ना, बाई," मी कशीबशी म्हणाले.

"आज नाही म्हणलं, अन् उद्या त्यानं इचारलंच नाही तं? माणूस असाच हातचा जाते, पोरी."

मी खाली मान घालून विडीला धागा बांधत राहिले. आमच्या ह्यांनी दिवाळीपासून मला जवळ घेतलेलं नव्हतं, आणि मी तर त्यांना कधी नाही म्हटलेलंच नव्हतं.