मागच्या पानावरची गणितं

दौंडला लोको शेडच्या मागं खुर्शिदभाभी राहायची. नवरा चांदभाई इंजिनावर फायरमन, घरी तिचं शिवणाचं मशीन. सभेत हार घालून घेणाऱ्यांवर लिहायला माणसं पुष्कळ आहेत, भाभीवर कुणी लिहिलं नाही. म्हणून मी लिहितो. मी शाळेची पायरी चढलेलो नाही, युनियनची पत्रकं वाटता वाटता वाचून अक्षर शिकलो. ज्याला चुका काढायच्या असतील त्यानं खुशाल काढाव्यात.

भाभी मूळची शिरूरची. आम्ही त्या गावाला घोडनदीच म्हणतो. तिथं उर्दू शाळेत ती चार इयत्ता शिकली, मराठी घरीच शिकली, धाकट्या भावाच्या पुस्तकांवरून.

बावन्न साल उजाडलं तेव्हा रुळांच्या पलीकडं जुन्या पत्र्याच्या शेडांत दहा-बारा सिंधी कुटुंबं राहायला आली. फाळणीत घरदार सोडलेलं, मधली वर्षं कल्याणच्या कॅम्पात गेलेली. पोरं स्टेशनावर गाडी थांबली की गोळ्या-बिस्किटं विकायची. शाळेत घालायला नेलं तर हेडमास्तर म्हणाले, मराठी येत नाही, पहिलीत बसवा. नऊ वर्षांची किशनी सहा वर्षांच्या पोरांत एक दिवस बसली आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा स्टेशनावर गेली. तिचे आजोबा वाधूमल शेडांमधले वडीलधारे. त्यांनी सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, "पहिली में कोई नहीं बैठेगा. उससे गाडी अच्छी."

मी हेडमास्तरांशी भांडलो. भांडून एवढं पदरात पडलं की जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी पोरांची परीक्षा घ्यायची. जो पास होईल तो वयाच्या वर्गात बसेल. हातात पाच महिने होते. पण शिकवणार कोण? पोरांना सिंधी लिहिता येत होतं, ते उर्दूसारखं, उजवीकडून डावीकडं. आमच्यातल्या कुणाला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. भाभीला निम्मं लागायचं. पोलकी शिवून घ्यायला आलेल्या सिंधी बायकांकडून तिच्या कानावर सगळं गेलंच होतं.

"कोंडिबाभाऊ," ती मला म्हणाली, "नुसतं भांडून काय व्हतंय? पाट्या आणा."

मी बावीस पाट्या आणल्या. शाळा भाभीच्या ओट्यावर भरवायची ठरली. पॉइंट्समन मच्छिंद्र ड्युटी सुटली की पाढे घ्यायला येतो म्हणाला. तेवढ्यात वाधूमल आडवे आले. भाभीच्या दारात उभे राहून म्हणाले, "उनके डर से घर छोडा. अब बच्चे उनके ओटे पे बिठाऊँ?"

माझं डोकं फिरलं. भाभीनं मशीनवरची मानसुद्धा वर केली नाही. "आप्पा, मग तुम्ही बी या की. पोरांच्या मागं बसा. काय वावगं शिकवलं तर तिथंच माझा कान धरा."

दुसऱ्या दिवशी वाधूमल खरंच आले. आपलं सिंधी पुस्तक काखेत मारून ओट्याच्या पायरीवर बसले आणि पाच महिन्यांत एक दिवस चुकले नाहीत. चहा मात्र तीन महिने घेतला नाही. चौथ्या महिन्यात घेतला आणि म्हणाले, "शक्कर कम है."

भाभीची शिकवायची तऱ्हा तिची स्वतःची. पाटीवर मराठी शब्द, त्याच्या खाली तोच शब्द पोरांच्या अक्षरांत. आठवड्यानं खालचा पुसायचा. कागद महाग, म्हणून सगळं पाटीवर. मे महिना संपला तोवर किशनी मराठी धडा घडाघडा वाचत होती.

परीक्षा झाली. मास्तरांनी घडी घातलेला एकेक ताव वाटला, पहिल्या पानावर नावं त्यांनीच घातली. चौथ्या दिवशी निरोप आला की बावीसच्या बावीस नापास, कागद कोरे.

वाधूमल पायरीवरून उठले. "हो गया," म्हणाले, आणि पोरांना चला म्हणून खूण केली.

"थांबा आप्पा," भाभी म्हणाली. तिनं किशनीला पुढं बोलावलं. "कोरा कागद का दिलास गं?"

"कोरा न्हाई, भाभी. समदं लिहिलं. पहिल्या पानापासून लिहिलं."

"पहिलं पान कुठलं? दाखव."

किशनीनं आजोबांचं पुस्तक उचललं आणि उघडलं. आपलं पुस्तक जिथं संपतं, तिथं त्यांचं सुरू होतं. भाभी बघतच राहिली. ती रोज सकाळी कुराण वाचायची, तेही तसंच उघडायची. आयुष्यभर दोन्ही तऱ्हेची पुस्तकं हाताळलेली बाई, पण पोरांना हे सांगायचं राहून गेलं. पाटीवर त्याची गरजच पडली नव्हती.

आम्ही तडक शाळेत गेलो, वाधूमलही मागोमाग आले. हेडमास्तरांनी गठ्ठा काढला. प्रत्येक ताव पुढून कोरा आणि मागून भरलेला. ते म्हणाले, "मागचं पान कच्च्या कामाला असतं. ते आम्ही तपासत नाही. हा नियम आहे."

मी म्हणालो, "नियम गेला खड्ड्यात, आधी चष्मा लावा." आणखीही बोललो, ते इथं लिहीत नाही. हेडमास्तर गठ्ठा बांधायला लागले.

"कोंडिबाभाऊ, तुम्ही बाहेर जावा," भाभी म्हणाली. मला असं बाहेर काढायची छाती पोलिसांची नव्हती. पण मी गेलो आणि खिडकीशी उभा राहिलो.

"मास्तर, पोरांची चूक न्हाई, माझी हाय," ती म्हणाली. "मराठीत मी परीक्षेला कवा बसले न्हाई. वही कुठून उघडायची ते मी शिकवलंच न्हाई. तुम्ही ते कच्चं म्हणूनच तपासा. बरोबर हाय का न्हाई, तेवढं सांगा."

हेडमास्तरांनी गठ्ठ्याची दोरी पुन्हा सोडली. मग त्यांनी वरचा ताव उलटा केला. पहिलं गणित पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि टेबलावरची तांबडी पेन्सिल उचलली.

सतरा पास, पाच नापास. किशनी चौथीत बसली. नापासांत तिचा धाकटा भाऊ होता, वाधूमलांचा सख्खा नातू. आता म्हातारा पोराला गाडीवर पाठवणार, असं मी चांदभाईला बोलूनही दाखवलं. शाळा उघडली त्या दिवशी वाधूमल नातवाचा हात धरून गेले आणि त्याला पहिलीच्या वर्गात बसवून आले. परतताना भाभीच्या पायरीवर टेकले. म्हणाले, "तूने कहा ना, चूक मेरी. मास्टर के सामने. तो मैं भी बोला, ठीक है, पहिली."

भाभीची शाळा पुढं सहा वर्षं चालली; नवी कुटुंबं येत राहिली. पाट्या होत्याच, पण मच्छिंद्र रेल्वेचे रद्दी कागद आणायचा आणि भाभी मशीनवर त्यांच्या वह्या शिवायची. पुढच्या पानाच्या कडेला ती तांबड्या दोऱ्याचा एक टाका घालायची. नवीन पोर आलं की आधी वही हातात द्यायची आणि म्हणायची, "दोरा शोध. तिथनं सुरू."